अमरापूरकरांचं दुसरं अर्धं

नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात चाळिशी-पन्नाशीच्या कुणालाही विचारून बघा, "सदाशिव अमरापूरकर माहितीय का?" चेहऱ्यावर लगेच ओळख उमटते. "तो 'सडक'मधला महाराणी ना?" कुणी 'हुकूमत' म्हणतं, कुणी 'आंखें'. जरा गमत्या माणूस असला तर 'कुली नंबर वन'मधला लग्न जुळवणारा शादीराम आठवतो. पण नाटकातला अमरापूरकर? विजय तेंडुलकरांचं नाटक बसवणारा अमरापूरकर? तिथे मात्र समोरचा आपल्याकडेच बघत राहतो.

यात कुणाचा दोष नाही. आमचा भागच तसा आहे. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं हे गाव. सुरत जवळ, मुंबई लांब. घरात अहिराणी नाहीतर गुजर बोली, डोंगरात भिली आणि पावरी, बाजारात गुजराती-मराठीची खिचडी. मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे इकडे क्वचितच फिरकायचे. हिंदी सिनेमा मात्र यायचा. टॉकीजला यायचा, नंतर व्हिडिओवर, मग केबलवर. म्हणजे ज्या नटाचं आयुष्य नाटक, टीव्ही आणि सिनेमा अशा तीन ठिकाणी गेलं, त्याचा आमच्या वाट्याला आलेला हिस्सा म्हणजे बव्हंशी सिनेमा. तोही हिंदी. त्यातही खलनायक.

ज्या चित्रपटाने अमरापूरकरांना देशभर ओळख दिली त्याचं नाव 'अर्धसत्य' होतं, हा योगायोग मला म्हणूनच फार बोलका वाटतो. अमरापूरकरांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते खरंच आहे. फक्त ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं शोधण्याचा हा एक प्रयत्न.

नगरचे तात्या

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५० चा. गाव अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर. आडनाव ज्या अमरापूरवरून येतं ते गाव त्याच जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात. 'सदाशिव' हे त्यांनी नाटकासाठी घेतलेलं नाव. घरचं नाव गणेश. जवळची माणसं त्यांना 'तात्या' म्हणायची.

पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहास विषय घेऊन एम.ए. केलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

नगरसारख्या गावातून नट कसा घडायचा हे समजून घ्यायचं तर त्या काळची हौशी रंगभूमी आठवावी लागते. १९५४ पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या मंडळांना दरवर्षी नाटक बसवायला एक निमित्त मिळालं. दिवसा बँकेत, शाळेत, एस.टी.त नोकरी करायची, संध्याकाळी कुठल्या तरी शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम करायची. कपडेपट भाड्याने, दिवे उसने, चहा आपल्या खिशातून. पैसे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, उलट जायचेच. या व्यवस्थेने महाराष्ट्राला किती नट दिले याची मोजदाद करायला बसलं तर मोठी यादी होईल. नट तालमीत घडायचा आणि त्याला सगळं करावं लागायचं. आज म्हातारा, उद्या हवालदार, परवा दिग्दर्शन, आणि गरज पडली तर पडदा ओढणं.

अमरापूरकर या घाण्यातून निघालेले. त्यांचा पहिला चित्रपट नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७', साल १९७९. पुण्यातला प्लेग, रँडचा वध आणि चाफेकर बंधू असा विषय. त्यात अमरापूरकर झाले होते लोकमान्य टिळक. हिंदी सिनेमाने पुढे ज्या माणसाला दशकभर गुंड आणि स्मगलर करून वापरलं, तो माणूस पडद्यावर पहिल्यांदा आला तो टिळकांची पगडी घालून! आमच्याकडे हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते.

१९८३

१९८१-८२ च्या सुमारास 'हँड्स अप' हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर चाललं. भक्ती बर्वे, अविनाश मसुरेकर आणि अमरापूरकर. हौशी रंगभूमीवरून 'नाइट' घेणाऱ्या नटांच्या जगात आलेल्या माणसाला लोकांनी उचलून धरलं. याच काळात गोविंद निहलानी 'अर्धसत्य'साठी रामा शेट्टी शोधत होते. त्यांची नजर अमरापूरकरांवर पडली.

पण १९८३ या सालाकडे नुसतं 'अर्धसत्य'चं साल म्हणून बघू नये असं मला वाटतं. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'कन्यादान' मराठी रंगभूमीवर आलं. त्याचे दिग्दर्शक होते सदाशिव अमरापूरकर. आणि 'अर्धसत्य'ची पटकथाही तेंडुलकरांचीच (मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची).

आता हे दोन शेजारी ठेवून बघा. 'कन्यादान'मध्ये नाथ देवळालीकर हा समाजवादी विचारांचा आमदार आहे. त्याची मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न करायचं ठरवते. नाथला आनंद होतो, कारण आयुष्यभर जे भाषणात सांगितलं ते आता घरात घडणार. मग तिच्या संसारातली हिंसा समोर येते आणि बापाच्या आदर्शवादाची सालपटं निघायला लागतात. नाटकावर वाद झाले, दलित पात्राच्या चित्रणावर टीका झाली, ती आजही होते आणि त्या टीकेत तथ्य नाही असं म्हणता येत नाही. पण नाटक विचारतं तो प्रश्न असा: चांगल्या माणसाचं चांगुलपण प्रत्यक्ष जगाला घासलं की त्यातलं किती उरतं?

'अर्धसत्य'मध्ये हाच प्रश्न इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या वाट्याला येतो. ओम पुरींनी केलेला हा वेलणकर सचोटीचा आहे, आणि प्रत्येक पायरीवर त्याला कळत जातं की सचोटीला वरून कुणाचा तरी फोन येऊन थांबवता येतं. त्या फोनच्या पलीकडच्या टोकाला रामा शेट्टी बसलेला आहे.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच लेखकाच्या एकाच प्रश्नाभोवती हा माणूस दोन बाजूंनी उभा होता. नाटकात दिग्दर्शक म्हणून, आदर्शवादी माणसाची पडझड आतून उलगडत. सिनेमात नट म्हणून, ती पडझड घडवून आणणारा. नगरच्या एका नाटकवाल्याचं हे केवढं मोठं वर्ष! पण आमच्यापर्यंत त्यातली एकच बाजू पोचली. 'कन्यादान'चा तो प्रयोग मी पाहिलेला नाही. छापील संहिता वाचली, एवढंच. नाटकाचं हेच असतं, प्रयोग संपला की पडदा पडतो आणि ते फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात राहतं. बघणारे गेले की तिथूनही जातं.

(जाता जाता, 'अर्धसत्य'मधली ज्योत्स्ना म्हणजे स्मिता पाटील. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, म्हणजे शहाद्याहून हाकेच्या अंतरावरचे. त्यामुळे आमच्याकडे तो चित्रपट 'आपल्या स्मिताचा' होता. अमरापूरकरांकडे लक्ष गेलं ते बघता बघता.)

रामा शेट्टी काय करतो?

'अर्धसत्य' आज पुन्हा बघायला मिळाला तर एक प्रयोग करून बघा. रामा शेट्टीचे प्रवेश मोजा. फार नाहीत. ज्या माणसाने अख्खा चित्रपट व्यापल्यासारखा वाटतो, तो पडद्यावर असतो थोडाच वेळ.

मग त्या प्रवेशांत तो काय करतो ते बघा. जवळजवळ काहीच करत नाही. आवाज चढवत नाही. जागचा फारसा हलत नाही. त्या काळच्या हिंदी खलनायकाकडे अड्डा असायचा, चकचकीत कपडे असायचे, ठरलेला तकियाकलाम असायचा, गडगडाटी हसणं असायचं. शेट्टीकडे यातलं काही नाही. वेलणकर त्याला पकडायला येतो तेव्हा तो घाबरत नाही, चिडत नाही. कारण त्याला माहीत आहे की हे सगळं एका फोनवर मिटणार आहे. समोरच्याची त्याला जराशी कीवच येते, आणि ही कीव पिस्तुलापेक्षा जास्त भीतिदायक आहे.

हे त्यांनी कुठून आणलं असेल याचा विचार करताना मला वाटतं, ते नाटकातून आलं. वरवर पाहता हे उलटं वाटेल. नाटकवाला म्हणजे मोठा आवाज, मोठे हातवारे, अशी आपली समजूत. पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या नटाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना रंगमंचावर नुसतं उभं राहायचं कसं. हात कुठे ठेवायचे, नजर कुठे ठेवायची, कधी हलायचं नाही. नव्या नटाला सगळ्यात जड जातं ते हेच. सिनेमात कॅमेरा दुसऱ्यावर गेला की तुम्ही सुटता. नाटकात अडीच तास तुम्ही सुटत नाही. न बोलता हजर राहण्याचं हे कसब अमरापूरकरांनी कॅमेऱ्यासमोर आणलं, आणि आवाज पोचवायची जबाबदारी मायक्रोफोनवर सोडून दिली. तो जरासा नाकातला, घोगरा, संथ आवाज मग आपोआप कानाजवळ आला.

शेवटी वेलणकर त्याच्याकडे मदतीसाठी येतो. कोठडीत एक माणूस मेला आहे आणि आता वेलणकरलाच त्या फोनची गरज आहे. शेट्टी त्याला आपल्या पदरी घ्यायला तयार होतो, आणि तिथेच त्याचा मृत्यू होतो. या चित्रपटासाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अमरापूरकरांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर.

मग गडगडाट सुरू झाला

इथून पुढचं आम्हाला तोंडपाठ आहे. १९८४ चा 'पुराना मंदिर', १९८७ चा 'हुकूमत', १९८८ चा 'खतरों के खिलाडी', १९८९ चा 'ऐलान-ए-जंग'. बहुतेकदा धर्मेंद्र समोर, अमरापूरकर पलीकडे. रामा शेट्टीची खासियत होती की तो ओरडत नाही. आता त्यांना ओरडायला लावलं गेलं. विग आले, विचित्र कपडे आले, तकियाकलाम आले, गडगडाटी हसणंही आलं. म्हणजे जे जे नाकारून हा नट मोठा झाला होता, ते ते सगळं व्याजासकट परत आलं.

हे काही एकट्या अमरापूरकरांचं झालं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात समांतर सिनेमाने मराठी रंगभूमीवरून आणि इतर भाषांच्या नाटकांतून कसदार नट आणले. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, मोहन आगाशे, नाना पाटेकर, अमरापूरकर. धंदेवाईक सिनेमाने त्यांना पाहिलं आणि हवे तेवढे उचलून घेतले. पण उचलताना नट उचलला नाही, त्याची एक लकब उचलली. लागूंचं गांभीर्य घेतलं आणि त्यांना बाप नाहीतर न्यायाधीश केलं. निळूभाऊंची जरब घेतली. अमरापूरकरांचा थंडपणा घेतला आणि तो तापवून वाढला.

तरीही त्यातून काही निसटून जायचं. १९९१ च्या महेश भट्ट यांच्या 'सडक'मधला महाराणी त्यातलाच. कुंटणखाना चालवणारा हा तृतीयपंथी खलनायक बघून थिएटरात लोक चिडीचूप व्हायचे. १९९२ पासून फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मिळाला तो याच भूमिकेला. आज ती भूमिका बघताना अस्वस्थ व्हायला होतं. एका आधीच हिणवल्या गेलेल्या समाजाला राक्षसाच्या रूपात दाखवण्याचं काम तिने केलं, असं त्या समाजातली माणसं म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नटाचं कसब आणि भूमिकेचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कसब जितकं जास्त, तितका परिणाम खोल. म्हणूनच चांगल्या नटाने केलेलं असं पात्र जास्त नुकसान करतं. हेही त्या दुसऱ्या अर्ध्यात मोजायला हवं.

नव्वदीत मग विनोद आला. १९९३ चा 'आंखें', १९९५ चा 'कुली नंबर वन'. शादीराम घरजोडे हे अगदी देशी पात्र. श्रीमंताने अपमान केला म्हणून त्याच्या पोरीचं लग्न हमालाशी लावून देणारा मध्यस्थ. लग्न जुळवणारे असे लोक आम्ही खानदेशात ढिगाने पाहिलेले. काखेत पिशवी, तोंडात साखर आणि मनात हिशेब. १९९७ चा 'इश्क' तर पोरासोरांनी केबलवर इतक्या वेळा पाहिला की त्यातला श्रीमंत बाप आमच्याकडे घरातला झाला. ज्या माणसाचे सिनेमे बघून थोरली भावंडं घाबरली, त्याच माणसाला बघून धाकटी हसली.

रविवारची सकाळ

याच धामधुमीत एक गोष्ट घडून गेली आणि ती आमच्याही घरात आली, पण आम्ही तिची नोंद ठेवली नाही.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' सुरू झाली. नेहरूंच्या पुस्तकावर आधारलेले त्रेपन्न भाग, दर रविवारी सकाळी. त्यात महात्मा फुल्यांवरचा भाग होता. जोतीराव फुले झाले होते सदाशिव अमरापूरकर.

जरा थांबून साल बघा. १९८८. त्याच वर्षी टॉकीजमध्ये 'खतरों के खिलाडी' चालू होता. म्हणजे एखाद्या गावात शनिवारी रात्री अमरापूरकरांच्या नावाने बोटं मोडलेला माणूस रविवारी सकाळी त्याच अमरापूरकरांना मुलींची शाळा काढताना बघत होता. आणि बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल की हा तोच माणूस आहे.

इतिहासाचा हा विद्यार्थी पडद्यावर आधी टिळक झाला आणि मग फुले. महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास ज्या दोन टोकांमध्ये ताणलेला आहे ती दोन्ही टोकं एकाच नटाच्या अंगावरून गेली. मुलींचं शिक्षण, जातिभेद, शेतकऱ्याचं कर्ज यांवर या दोघांचं अजिबात पटण्यासारखं नव्हतं. एका नटाला दोघांचंही म्हणणं आपलं म्हणून उच्चारावं लागतं. मी स्वतः इतिहास वाचताना कधी याची बाजू घेतो, कधी त्याची. नटाला बाजू घेऊन चालत नाही, त्याला आत जावं लागतं. इतिहास शिकण्याची ही पद्धत विद्यापीठात नाही.

चरित्र अभिनेता

हिंदीवाल्यांचा 'चरित्र अभिनेता' हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. त्या अर्थाने बघितलं तर चरित्र अभिनेत्याला चित्रपटात सगळं मिळतं, फक्त चरित्र मिळत नाही. त्याचं पात्र कुठून आलं, त्याच्या घरी कोण आहे, तो रात्री काय जेवतो हे लेखकाने लिहिलेलंच नसतं. नायकाला भूतकाळ असतो. खलनायकाला आणि वधूपित्याला फक्त प्रवेश असतो. उरलेलं नटाने आपल्या पदरचं घालायचं.

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सोंगाड्या पार्ट्या असतात. रात्रभर चालणारं आदिवासी नाट्य. त्यातला नट बाई होतो, सावकार होतो, फौजदार होतो, आणि सकाळी आपल्या शेतात जातो. रात्री त्याने सावकार कितीही हुबेहूब केला तरी दिवसा त्याला कुणी सावकार म्हणत नाही. कारण सगळ्या गावाला त्याचं दुसरं अर्धं ठाऊक असतं. त्याचं घर, त्याची बैलजोडी, त्याच्यावरचं कर्जही. सिनेमाने नट आणि बघणारा यांच्यातली ही ओळख तोडली. सोंग तेवढं आमच्या गावात आलं, सोंग घेणारा लांब राहिला.

आता अमरापूरकरांच्या दिवसाच्या आयुष्यात काय होतं? सामाजिक कृतज्ञता निधी, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, नगरची स्नेहालय संस्था, नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, यांच्याशी ते जोडलेले होते. यातल्या पहिल्या नावावर मी जरा थांबतो, कारण त्याचा अर्थ आमच्या जिल्ह्याला जास्त कळेल.

सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना साधी. पूर्ण वेळ चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्याला दरमहा थोडं मानधन मिळावं. त्यासाठी डॉ. लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले आणि त्यातून पैसा उभा राहिला. विनोदी नाटकाच्या तिकिटातून कार्यकर्त्याचं रेशन!

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमच्या जिल्ह्याने असे कार्यकर्ते जवळून पाहिले आहेत. १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासींच्या सावकारांनी बळकावलेल्या जमिनी आणि शेतमजुरी यांसाठी. अंबरसिंग सुरतवंती त्याच मातीतले. पुढे सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या तेहतीस गावांवर आलं, आणि मणिबेलीपासून नर्मदा बचाव आंदोलनाची माणसं डोंगरात राहू लागली. शिकलेल्या घरची मुलंमुली दिवसेंदिवस पायी फिरायची, मिळेल ती भाकरी खायची. त्यांच्याकडे बघताना आम्हाला एकच प्रश्न पडायचा, हे लोक जगतात कशावर? कुठल्यातरी शहरात काही नटांनाही तोच प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्यावर उत्तर काढलं होतं, हे फार उशिरा कळलं. पडद्यावर गरिबांच्या झोपड्या जाळणारा माणूस त्या नटांच्या बाजूला होता, हे तर आणखी उशिरा.

म्हणून 'एवढा मोठा नट हिंदीत फुकट गेला' हे हळहळणारं वाक्य मला पूर्ण पटत नाही. नट म्हणून काही अंशी तो वाया गेला, हे खरंच आहे. रामा शेट्टीनंतर त्या तोलाची भूमिका हिंदीने त्यांना क्वचितच दिली. पण सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) आणि 'वास्तुपुरुष' (२००२) या चित्रपटांत त्यांना बघा. विग नाही, आरडाओरडा नाही. हरत चाललेल्या घरातला एक माणूस, एवढंच. पंधरा-वीस वर्षांच्या गडगडाटानंतरही तो गप्प राहण्याचा गुण शाबूत होता. हातात कसब असेल तर ते एवढ्या सहजासहजी गंजत नाही, याचा मला तरी हा पुरावा वाटतो.

पाणी

२०१३ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. मराठवाड्यात, नगर भागात जनावरं छावणीवर होती, माणसं टँकरची वाट बघत होती. त्या वर्षीच्या होळीला मुंबईत वर्सोव्याला अमरापूरकरांच्या घराजवळ पाण्याची उधळण करत नाच चालू होता. ते खाली गेले आणि पाणी वाया घालवू नका म्हणून सांगितलं. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. त्यांना मारहाण झाली.

होळी आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा सण. अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी बघायला लांबून लोक येतात. उंच बांबू उभारतात, रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि पहाटे होळी पेटते. त्यात पाणी कुठेच नाही. विस्तव आहे आणि नाच आहे. तिथल्या बाईला उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी किती डोंगर उतरावा लागतो हे ज्याने पाहिलंय, त्याला त्या दिवशी अमरापूरकर का खाली उतरले असतील हे समजावून सांगावं लागणार नाही.

पडद्यावर ज्याने शेकड्यांनी माणसं मारली तो माणूस खऱ्या आयुष्यात मार खाऊन आला, तोही पाण्यासाठी. बातमी आली आणि गेली. आमच्याकडे तिच्यावर कुणी बोललं नाही. बोलले असते तर कदाचित त्यांचं दुसरं अर्धं थोडं आधी कळलं असतं.

शेवटची भूमिका

त्याच वर्षी, ३ मे २०१३ ला 'बॉम्बे टॉकीज' आला. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला होता, त्याच्या निमित्ताने चार दिग्दर्शकांनी केलेल्या चार छोट्या गोष्टी. त्यातली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या 'पटलबाबू फिल्मस्टार' या कथेवर बेतलेली. एका सामान्य माणसाला सिनेमाच्या शूटिंगमध्ये एक क्षुल्लक काम मिळतं. जवळून जाणाऱ्या नायकाचा धक्का लागायचा आणि तोंडातून एक उद्गार काढायचा, बस्स. एवढ्याशासाठी जीव टाकायचा की नाही, हा त्या गोष्टीतला पेच.

तो सामान्य माणूस झाला होता नवाजुद्दीन सिद्दीकी. आणि त्याला भेटायला, खडसावायला येतो एक मेलेला जुना नाटकवाला. ते काम अमरापूरकरांचं. हिंदीतलं त्यांचं अखेरचं काम.

भारतीय सिनेमाच्या शताब्दीच्या निमित्ताने कुणीतरी त्यांना नाटकवाला म्हणून बोलावलं, ही गोष्ट मला बरी वाटते. तीस वर्षं खलनायक करून झाल्यावर त्यांना पुन्हा विंगेतल्या माणसासारखं उभं केलं, आणि छोट्या कामाला छोटं समजणाऱ्या नटाची कानउघाडणी करायला लावली. रामा शेट्टीच्या मोजक्या प्रवेशांवर ज्याने नाव मिळवलं, त्याच्याहून हा अधिकार आणखी कुणाला?

३ नोव्हेंबर २०१४ ला मुंबईत ते गेले. वय चौसष्ट. अंत्यसंस्कार नगरला झाले.

आमच्याकडे अजूनही दुपारी एखाद्या चॅनेलवर 'कुली नंबर वन' लागतो. बाया वाटाणे सोलत बघतात, पोरं शादीरामवर हसतात. हसू देत. त्यात त्यांचंही मोठं कसब आहे. पण कुणी जरा बसून ऐकणारं भेटलं की मी सांगतो, हा टिळक झाला होता, हा फुले झाला होता, याने तेंडुलकरांचं नाटक बसवलं होतं, आणि पाणी वाचवायला गेला म्हणून याने मार खाल्ला होता. बहुतेक जण म्हणतात, "हा? हा महाराणी?"

हो, हाच.